वनस्पतींचा अभ्यास सुरू करताना: नाव सगळ्यात शेवटी

हौसेने झाडं ओळखायला लागलेली बहुतेक माणसं महिन्या-दीड महिन्यात गळतात, आणि जवळपास सगळी एकाच जागी गळतात. फोन काढायचा, फोटो घ्यायचा, अ‍ॅप नाव सांगतं, ते कुठेतरी टिपायचं आणि पुढच्या झाडाकडे वळायचं. पंधरा दिवसांत ऐंशी नावं जमतात. सोळाव्या दिवशी त्यातलंच एखादं झाड फुलांविना समोर येतं आणि ओळखू येत नाही. मग वाटतं, आपल्याला हे काही जमायचं नाही.

जमतं. फक्त क्रम उलटा करावा लागतो. नाव हाती आलं की बघणं तिथेच संपतं, म्हणून नाव शेवटी ठेवायचं: आधी बघणं, मग लिहिणं, मग फूल उघडून पाहणं, मग कुळ (नात्यातल्या वनस्पतींचा मोठा गट), मग नाव. खालचे टप्पे याच क्रमाने करा. मधल्या 'तपासा' खुणेपाशी उत्तर 'नाही' आलं तर पुढे जाऊ नका.

## तयारी: सामान थोडं, पण नेमकं

कोऱ्या पानांची वही, पेन्सिल, १५ सेंटिमीटरची पट्टी, एक ब्लेड, एक टाचणी आणि १० पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग. बस. पेनाऐवजी पेन्सिल अशासाठी की ओल लागली की शाई पसरते. सूक्ष्मदर्शकाचा मोह पहिलं वर्षभर तरी टाळा. आधी तो घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. आठवडाभर कांद्याचा पापुद्रा बघतात आणि मग त्यावर धूळ बसते.

भिंग मात्र नीट वापरायला शिका, कारण दहांतले आठजण ते चुकीचं धरतात. फूल लांब, भिंग मध्ये आणि डोळा आणखी मागे, असं धरलं तर चिमुकल्या गोलात काहीतरी धूसर दिसतं. भिंग डोळ्यापाशी न्या, जवळजवळ टेकवा. भिंगाचा हात गालावर टेकवून स्थिर करा. मग दुसऱ्या हाताने फूल हळूहळू भिंगाकडे आणा. १० पट भिंगात साधारण अडीच सेंटिमीटरवर चित्र स्वच्छ होतं. उजेड फुलावर पडला पाहिजे, तुमच्या डोक्याची सावली नाही.

तपासा: तुळशीच्या कोवळ्या खोडावरची लव सुटी सुटी, एकेक केस म्हणून दिसते का? दिसत असेल तर भिंग जमलं.

सावधान: अनोळखी पान, फळ किंवा बी चाखून बघू नका, थुंकून टाकणार असलात तरी. कण्हेर आणि धोतरा यांचे सगळे भाग विषारी असतात, गुंजेचं बी दिसायला देखणं आणि पोटात गेलं तर जीवघेणं. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. बिब्ब्याने कातडी भाजल्यासारखी होते, खाजकुइलीच्या शेंगेवरची कुसं अंगाला लागली की आग आग होते. गाजरगवत हाताळून काहींच्या अंगावर पुरळ उठतं. झाड हाताळल्यावर हात धुवायचे आणि तोवर चेहऱ्याला लावायचे नाहीत.

## टप्पा १: एकच झाड निवडा

पाच मिनिटांच्या अंतरावरचं, रोज जाता-येता दिसणारं एक झाड किंवा झुडूप घ्या. दुर्मीळ नको, सुंदरही असायला नको. तीन अटी: पानांपर्यंत हात पोहोचला पाहिजे, वर्षातून एकदा तरी डोळ्यांना दिसेल असं फूल आलं पाहिजे, आणि पुढचे चार आठवडे ते तिथेच असलं पाहिजे. जास्वंद, कडुनिंब, शेवगा, सदाफुली, काहीही चालेल.

गवत नको. गवत फार रंजक आहे, पण त्याची फुलं उघडायला हात बसावा लागतो, आणि पहिल्याच महिन्यात हिरमोड होतो. वड, उंबर, पिंपळही सुरुवातीला नकोत. त्यांची फुलं आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत दडलेली असतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे 'दहा झाडं घेतो, तुलना होईल' हा विचार. तुलना तिसऱ्या महिन्यात आपोआप होते. आत्ता दहा झाडं घेतलीत तर दहांकडेही फक्त दृष्टिक्षेप जाईल.

## टप्पा २: गोडी कुठून आणायची?

'आवड आहे, पण सुरुवात करायला उत्साह येत नाही' असं पुष्कळजण म्हणतात. उत्साहाची वाट पाहत बसू नका. झाडासमोर रोज दहा मिनिटं उभं राहा आणि एक प्रश्न लिहा. उत्तर शोधायचं नाही, फक्त प्रश्न.

पहिले दोन-तीन दिवस प्रश्न मोठे आणि कुचकामी येतात: 'झाडं का महत्त्वाची आहेत?' असले. ते खोडा. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर त्याच झाडाकडे बघून मिळू शकेल. खालची पानं वरच्यांपेक्षा मोठी का? नवी पालवी आधी तांबूस आणि मग हिरवी, रंग बदलायला किती दिवस लागतात? मुंग्या याच देठावर का जमतात, शेजारच्यावर का नाही? एका बाजूच्या फांद्यांना जास्त फुलं आहेत, ती बाजू उन्हाची आहे का?

चौथ्या-पाचव्या दिवशी तुमच्याकडे एक असा प्रश्न येईल जो दुपारी काम करतानाही डोक्यात राहतो. तो धरा. माझा पहिला असा प्रश्न कडुनिंबाचा होता: पान गळतं तेव्हा सगळी काडी एकदम गळते की एकेक छोटं पान? त्या एका प्रश्नाने मला अडीच महिने पुरवलं.

तपासा: सात दिवसांत सात प्रश्न झाले का, आणि त्यातले निदान तीन पट्टी, भिंग किंवा कॅलेंडर यांनी सुटण्यासारखे आहेत का?

## टप्पा ३: वही लिहायची पद्धत

माझ्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे: 'पिवळं फूल, छान.' तारीख नाही, जागा नाही, पाकळ्या किती ते नाही. ते फूल कुठलं हे आजतागायत मला कळलेलं नाही.

प्रत्येक नोंदीत आधी चार गोष्टी: तारीख, जागा, जमीन व उजेड (ओढ्याकाठ, खडकाची भेग, भिंतीची सावली), आणि वनस्पतीची एकूण उंची. मग चित्र. चित्रकला येत नसली तरी चित्र काढायचंच, कारण काढताना हात अडतो आणि अडला की डोळा परत झाडाकडे जातो. देठ पानाला नेमका कुठे चिकटतो? शिरा कडेपर्यंत जातात की अलीकडेच वळतात? फोटोत हे सगळं असतं. फक्त तुम्ही ते पाहिलेलं नसतं.

शेजारी मापं लिहा. 'मोठं पान' लिहू नका. पाच पानं मोजा आणि 'लांबी ६ ते ९ सेंमी' असं लिहा. एकच पान मोजणं ही फार चालणारी चूक आहे. एकाच झाडावर पानांच्या आकारात दुपटीचा फरक सहज असतो.

जे दिसलं ते आणि जे वाटलं ते वेगळं ठेवा. 'पानाला भोकं आहेत' हे दिसलं. 'अळीने खाल्लं' हे वाटलं. वाटलेल्यापुढे प्रश्नचिन्ह टाका.

## टप्पा ४: पान म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत?

हा टप्पा सावकाश करा. इथे चूक झाली की पुढची ओळख सगळी कोलमडते.

कडुनिंबाची एक काडी हातात घ्या. तिच्यावर दोन्ही बाजूंनी दातेरी कडांची 'पानं' आहेत. ती पानं नव्हेत, पर्णिका आहेत, आणि अख्खी काडी मिळून एक पान होतं. हे ठरवायचं कसं? कोंब शोधायचा. पानाचा देठ फांदीला जिथे मिळतो त्या बेचक्यात कोंब असतो. पर्णिकेच्या बुडाशी तो कधीच नसतो. काडीच्या बुडाशी, फांदीला लागून, बारीकसा कोंब दिसेल. पर्णिकांच्या बुडाशी भिंग लावूनही काही दिसणार नाही. काडीच्या टोकालाही वाढणारा कोंब नसतो, फांदीच्या टोकाला असतो.

आता आवळा बघा. बारीक पानांची ओळ लागलेली त्याची डहाळी थेट चिंचेच्या संयुक्त, म्हणजे पर्णिकांनी बनलेल्या पानासारखी दिसते. पण आवळ्याला बहर आला की त्या बारीक पानांच्या बुडाशीच फुलं लागतात. म्हणजे ती खरी पानं आहेत आणि ती काडी म्हणजे एक छोटी फांदी आहे. चिंचेच्या पर्णिकेच्या बुडाशी फूल आलेलं तुम्हाला कधी दिसणार नाही.

पान कुठे संपतं हे ठरलं की फांदीवरची मांडणी बघा. पेरावर (फांदीवर पान फुटतं त्या गाठीवर) एकच पान, म्हणजे एकाआड एक: जास्वंद. दोन समोरासमोर: तुळस, सदाफुली. तीन किंवा अधिक एका फेऱ्यात: कण्हेरीला बहुधा तीन, सातविणीला चार ते सात. मांडणी बघताना मधली, नीट वाढलेली फांदी घ्या. टोकाला पेरं इतकी जवळ असतात की एकाआड एक पानंही गुच्छासारखी वाटतात.

मग उरलेलं भराभर: कडा सलग की दातेरी, शिरा जाळीदार की समांतर, पान मोडल्यावर चीक येतो का, चुरगाळल्यावर वास येतो का, खोड गोल की चौकोनी. वास फोटोत येत नाही आणि खोडाचा आकारही सहसा कळत नाही, म्हणून या दोन गोष्टी वहीत आल्याच पाहिजेत.

तपासा: शेवगा, गुलमोहर आणि जास्वंद यांचं प्रत्येकी 'एक पान' वेगळं काढून दाखवता येतं का? शेवग्याचं एक पान हातभर लांब निघालं तर तुम्ही बरोबर आहात.

## टप्पा ५: फूल उघडून पाहणं

यासाठी एकेरी जास्वंद घ्या. गेंदेदार जास्वंद नको, तिचे बरेच पुंकेसर (पराग देणारे नर भाग) पाकळ्यांसारखे झालेले असतात आणि हिशेब लागत नाही.

फूल बाहेरून आत, एकेक थर करून सोडवा आणि प्रत्येक थर पांढऱ्या कागदावर ओळीने मांडा. ज्याची घाई होते तो थर म्हणजे सगळ्यात बाहेरचा. देठाच्या वर अरुंद हिरव्या पट्ट्यांचं एक वर्तुळ आहे. ते पुष्पकोशाच्याही बाहेरचं, जादा वर्तुळ. त्याच्या आत पाच दात्यांचा हिरवा पेला, तो खरा पुष्पकोश. दोन्ही वेगळे काढा. मग पाच पाकळ्या. त्या एकमेकींवर कशा चढल्या आहेत बघा: प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या वर, दुसरी खाली, कळी पिळल्यासारखी.

पाकळी ओढलीत तर मधली लांब नळीही बरोबर येते, कारण दोन्ही बुडाशी जोडलेल्या असतात. या नळीवर बाहेरून पुंकेसरांचे झुपके आहेत. नळी ब्लेडने हलकेच उभी चिरा. आतून एक पांढुरका धागा निघेल. तो कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा (फुलाच्या मादी भागाचा) दांडा, आणि नळीच्या तोंडातून वर डोकावणारे मखमली पाच ठिपके म्हणजे त्याच्या कुक्षी, पराग टिपणारी टोकं. पुंकेसरांच्या नळीतून स्त्रीकेसर आरपार गेलेला आहे! खाली उरलेला अंडाशय, म्हणजे ज्याचं पुढे फळ होतं तो भाग, आडवा कापा. भिंगात पाच कप्पे दिसतील.

आता भेंडीचं फूल मिळालं तर तेच सगळं पुन्हा करा. तीच जादा हिरवी पट्टी, तीच नळी. भेंडीचा आडवा काप तर रोज डोळ्यांखालून जातो. त्यातही बहुधा पाच कप्पे असतात. हा सारखेपणा तुम्हाला कुणी न सांगता दिसला, तर पुढचा टप्पा अर्धा झालेला आहे.

सावधान: रंगीत दिसतं ते सगळं पाकळी नसतं. बोगनवेलीचे गुलाबी, कागदासारखे भाग पानांचं रूप आहेत. फूल म्हणजे त्यांच्यामधली ती फिक्कट बारीक नळी. सूर्यफूल हे एक फूल नाही, शेकडो फुलांचा गुच्छ आहे. कडेची प्रत्येक 'पाकळी' स्वतंत्र फूल असतं. झेंडूचंही तेच.

## टप्पा ६: आधी कुळं, तीही सहाच

प्रजाती लाखांत आहेत, कुळं चारशेच्या आसपास. त्यातली सहा नीट आली की आजूबाजूच्या हिरवाईचा मोठा भाग एकदम ओळखीचा वाटू लागतो. माझी निवड अशी:

१. जास्वंद कुळ: पुंकेसरांची नळी, पिळलेल्या पाकळ्या. जास्वंद, भेंडी, कापूस, अंबाडी.

२. शेंगांचं कुळ: फळ शेंग. यातला मोठा गट पतंगासारख्या फुलांचा, एक मोठी पाकळी वर, दोन पंख, खाली होडी. वाटाणा, हरभरा, पळस. पण गुलमोहर आणि बाभूळही इथलेच, फुलं अगदी निराळी. शेंगेवर भिस्त ठेवा. शेवग्याला 'शेंगा' म्हणतात म्हणून तो इथे टाकू नका; ते फळ तीन उभ्या भागांत उकलतं, खरी शेंग दोन भागांत.

३. तुळस कुळ: चौकोनी खोड, समोरासमोर पानं, दोन ओठांचं फूल, बहुधा वास. चारही खुणा एकत्र हव्यात. नुसत्या चौकोनी खोडावर निर्णय नको.

४. सूर्यफूल कुळ: गुच्छ एका फुलासारखा दिसणारा. झेंडू, शेवंती, गाजरगवत.

५. वांगं कुळ: जोडलेल्या पाच पाकळ्यांची चांदणी किंवा कर्णा, फळावर टिकून राहणारा पुष्पकोश. वांगं, मिरची, टोमॅटो, धोतरा.

६. काकडी कुळ: ताणे, नर आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाखाली आधीपासूनच चिमुकलं फळ दिसतं.

दर कुळाला एक आठवडा. त्या आठवड्यात निदान तीन वेगळ्या वनस्पतींची फुलं टप्पा ५ प्रमाणे उघडा. कुळांच्या खुणा पाठ करून येत नाहीत. तिसरं फूल कागदावर मांडताना त्या बोटांना कळतात.

## टप्पा ७: आता नाव

मराठी नावं गोड आहेत आणि धोकेबाजही. सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा, नागचाफा, भुईचाफा: पाच चाफे, आणि ही पाच निरनिराळ्या कुळांतली झाडं आहेत. भुईचाफा तर आल्याचा नातेवाईक. अशोक म्हणून रस्त्याकडेला उंच वाढवतात तो हिरवा अशोक वेगळा आणि केशरी फुलांचा सीताअशोक वेगळा. म्हणून वहीत बोलीतलं नाव लिहाच, पण शेजारी शास्त्रीय नाव हवं.

नावापर्यंत जायचा क्रम असा. आधी स्वतः कुळ ठरवा आणि लिहा. मग तुमच्या भागाचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या वर्णनांचा ग्रंथ, उघडा आणि त्यातली किल्ली वापरा. किल्लीत दर पायरीला दोन पर्याय असतात आणि प्रत्येक पर्याय पुढचा आकडा सांगतो. पहिला पर्याय पटला की दुसरा न वाचता पुढे पळणं ही किल्लीतली सगळ्यात महागात पडणारी चूक. दोन्ही वाचा. ठरत नसेल तर त्या पायरीवर खूण करा आणि दोन्ही वाटांनी जाऊन बघा. चुकीची वाट दोन-तीन पायऱ्यांत विसंगत होते. शेवटी नाव आलं तरी थांबू नका, पूर्ण वर्णन काढून आपल्या मापांशी ताडा.

अ‍ॅप यानंतर. प्लांटनेट किंवा आय-नॅचरलिस्ट जे सुचवतं तो एक अंदाज आहे. तुमच्या कुळाशी जुळत नसेल तर कुणीतरी एकजण चुकलंय, आणि ते शोधण्यात उरलेली सगळी मजा आहे. फोटो टाकणार असाल तर एक फोटो पुरत नाही. अख्खी वनस्पती, पानाच्या दोन्ही बाजू, पेर, फूल समोरून, बाजूने आणि मागून, फळ असेल तर फळ, शेजारी पट्टी. लावलेलं झाड असेल तर तसं नोंदवा, नाहीतर ते रानात आपोआप उगवलेलं धरलं जातं.

शास्त्रीय नावंही बदलतात, त्याने गोंधळू नका. सोनचाफा जुन्या पुस्तकांत मिशेलिया चंपाका आहे, आता मॅग्नोलिया चंपाका. प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन या संकेतस्थळावर जुनं नाव घातलं की सध्याचं मिळतं.

तपासा: हे झाड अमुकच का, याची तीन कारणं अ‍ॅपचं नाव न घेता सांगता येतात का?

## टप्पा ८: नमुना वाळवणं

सगळ्याच वनस्पतींचे नमुने घ्यायचे नसतात. आसपास तीच वनस्पती भरपूर असेल आणि जागा मोकळी असेल तरच घ्या. राखीव जंगलात किंवा अभयारण्यात परवानगीशिवाय पानही तोडायचं नाही, आणि कंद उकरायचे नाहीत. दुर्मीळ वाटलं तर फोटो आणि चित्र पुरे.

फूल असलेली, शक्य तर फळही असलेली एक डहाळी घ्या. त्याच दिवशी वर्तमानपत्राच्या घडीत पसरा, लांब असेल तर इंग्रजी व्ही किंवा एन अक्षरासारखी दुमडा. निदान एक पान उलटं ठेवा, नाहीतर वाळल्यावर मागची बाजू बघायला पान मोडावं लागतं. वर सपाट वजन. आणि आता ज्यात बहुतेकांचे नमुने काळे पडतात ते: पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला. ओला कागद तसाच राहिला की बुरशी धरते. माझे पहिले अकरा नमुने मी जाड ग्रंथात घालून पंधरा दिवस विसरलो होतो. नमुने गेलेच, ग्रंथही गेला.

साधारण दहा-पंधरा दिवसांत नमुना वाळतो. गालाला लावून बघा, गार लागला तर ओल आहे. मग जाड कागदावर गोंदाने किंवा कागदी पट्ट्यांनी बसवा, चिकटपट्टी नको, ती पिवळी पडून सुटते. सुटं बी छोट्या पाकिटात. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, कुळ, जागा, तारीख, उंची, फुलाचा ताजा रंग आणि वास, तुमचा नोंद क्रमांक. रंग आणि वास वाळल्यावर उरत नाहीत, म्हणून ते तोडतानाच लिहायचे. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे पालापाचोळा.

## अडलात तर

कुळही ठरलं नाही अशा वनस्पती येणारच. त्यांच्यासाठी वहीची शेवटची दहा पानं राखून ठेवा. प्रत्येकीला क्रमांक, चित्र, मापं आणि 'काय कळलं नाही' त्याची एक ओळ: फूल नव्हतं, पानांची मांडणी दिसली नाही, अंडाशय पाकळ्यांच्या वर की खाली ते ठरेना. फूल नसेल तर दोन महिन्यांनी त्याच जागी परत जा. जाणकाराला विचारताना 'हे काय आहे?' असं विचारू नका. 'मला हे वांगं कुळातलं वाटतं, पण पानं समोरासमोर दिसतात, कुठे चुकतंय?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर मिळतं. दुसऱ्याला समोरचा माणूस खिशातून भिंग काढतो.